आंब्याएवढी लीद

मंडळी, मला चाळीस मिनिटं कबूल केली होती. शाल, नारळ आणि प्रास्ताविक होईस्तोवर त्यातली पंचवीस उरली आहेत. बाहेर मंडईच्या, म्हणजे आपल्या जत्रेच्या पेंडालात वडशाच्या नाटक कंपनीचा माईक तपासणं सुरू झालंय. त्यापुढं माझं काय चालणार! तरी बोलतो, पोरांसाठी नाटक कसं लिहावं यावर.

संस्कृत नाटककार भवभूती आपला माणूस. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत तो गाव सांगतो, विदर्भातलं पद्मपूर. आमगावजवळचं पदमपूर ते हेच, असं संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी मांडलं. कालिदासाचा यक्ष रामटेकला आला तर आपण स्मारक बांधलं. घरच्याचं मात्र... जाऊ द्या, घरच्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. (हशा)

तर त्याचं 'उत्तररामचरित' पोरांसाठी लिहायचं मी मनावर घेतलं. पहिला खर्डा सहावीच्या वर्गात वाचला. रामाने सीतेचा त्याग केला, सीता वनात गेली, असा. दुसऱ्याच पानावर एक पोट्टा म्हणाला, "गुरजी, हे त आमाले मालूम आहे." बरोबरच आहे त्याचं. गोष्ट त्याला माहीत, नाटक माहीत नाही.

मग मी खर्डा मिटला आणि चौथा अंक तोंडानं सांगायला लागलो. वाल्मीकींच्या आश्रमातले बटू धावत येतात. अश्वमेधाचा घोडा आलाय, पण जन्म आश्रमात गेलेला, घोडा पाहिलाय कुणी? लवानंही तो पोथीतच वाचलेला. तो विचारतो, असतो तरी कसा? पोरं सांगतात: मागं भलं मोठं शेपूट, ते सारखं हलवतो. मान लांब. खूर चारच. गवत खातो, आणि लिदीचे गोळे टाकतो आंब्याएवढे!

त्या 'चारच'मधल्या 'च'वर माझा जीव आहे. जणू सहा असायला हवे होते, दोन कुणी पळवले! संस्कृतात तिथं 'एव' आहे, मी पदरचा घातलेला नाही.

वर्गात काय झालं म्हणता? मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आंबा कोणता जी? गावरान का कलमी?" झालं, त्यावर दोन तट पडले. पंधरा मिनिटं वाद. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, तर फळ्यावर दोन आंबे काढलेले आणि खाली लिहिलेलं 'लीद'. (हशा) भवभूती म्हणतो, माझा समानधर्मा कधीतरी जन्माला येईल, काळ अनंत आहे. मला तो मागच्या बाकावर सापडला.

घोड्याचा हा प्रसंग जसाच्या तसा लिहून एका प्रकाशकाकडं पाठवला. हस्तलिखित परत आलं, लिदीवर लाल रेघ. "बालवाङ्मयात बरं दिसत नाही." बदली वाक्य सुचवलेलं: 'घोडा अतिशय सुंदर होता.' अहो, हे नाटक कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत झालं, आपल्या मंडईसारखंच. बाराशेहून जास्त वर्षांपूर्वी यात्रेकरूंना जे चाललं, ते आज सहावीच्या पोराला चालत नाही? ज्याच्या घरी रोज सकाळी शेण काढतात त्याला? मी हस्तलिखित ट्रंकेत टाकलं. अजून तिथंच आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सांगायला हवा.

नाटकाची गोष्ट करू नका, बोलणं राहू द्या. चार्ल्स आणि मेरी लॅम्ब यांनी 1807 मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी केल्या. वीसपैकी चौदा मेरीच्या, आणि पुस्तकावर नाव फक्त भावाचं, पण त्यावर बोलत बसलो तर चिठ्ठीवाले उठून येतील. काम मोठंच, पण त्यांच्या वाचकानं नाटक पाहिलेलं असेलच असं नव्हतं. आपलं पोर चार वर्षांचं असल्यापासून बापाच्या मांडीवर रात्रभर नाटक बघतं. कंसातल्या सूचना ठेवा, त्याला कळतात. तिसऱ्या अंकात सीता रामाजवळ उभी आहे नि त्याला दिसत नाही. तिथं समजावून सांगू नका, तिला नुसतं बोलू द्या. देवलांचं 'शारदा' 1899 चं जुनं, पण त्यातल्या म्हाताऱ्या नवरदेवाचं, भुजंगनाथाचं वय लपवू नका, मुली पहिल्यांदा तेच विचारतात. अवघड शब्द एखादा राहिला तर राहू द्या.

सातव्या अंकाचं राहिलंच. तिथं नाटकात नाटक आहे, राम स्वतः प्रेक्षकांत बसलाय आणि इतका कासावीस होतो की लक्ष्मणाला सांगावं लागतं, दादा, हे नाटक आहे. त्यावर खरं तर... नको. पेंडालात पडदा बांधून झालेला दिसतो, आणि पुढच्या रांगेतली पोरं मघाशीच पळाली आहेत.