गाठींचा फळा उतरवा

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मैदानी कौशल्यांतून संघभावना’. संघभावनेकडे येतेच, पण आधी एका फळ्याचा निकाल लावू द्या. हिरव्या कापडावर पांढऱ्या दोरीच्या दहा-बारा गाठी, प्रत्येकीखाली नावाची पट्टी, वरून काच. तपासणीला कुणी आलं की पहिला फोटो त्याचाच. समोर बसलेल्या गाइड शिक्षिकांपैकी काहीजणी हसतायत, म्हणजे तो तुमच्याही खोलीत आहे.

त्या फळ्यावरची रीफ नॉट आठवा. चपटी, देखणी, प्रत्येक टोक आपल्याच दोरीला बिलगून परत गेलेलं. टोकं आडवी बाहेर आली तर ती ग्रॅनी, म्हणजे चुकलेली रीफ झाली, हे सगळ्या मुलींना पाठ असतं. रीफ आहे बँडेजसाठी: अंगाला टोचत नाही, एक टोक उलटं ओढलं की सुटते. हीच गाठ मारून जाड आणि बारीक असे दोन दोर जोडले आणि ताण दिला, तर ती उलटते आणि दोर निसटतो. तिथे शीट बेंड हवी. जाड दोराचा वाक करायचा, बारीक दोर त्यातून वर काढायचा, वाकाच्या मागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खाली दाबायचा. दोर नायलॉनचा असेल तर मागून दोन फेरे. फळ्यावर दोन्ही गाठी शेजारी शेजारी असतात, तोंडी परीक्षेत दोन्हींची नावं येतात. तंबूच्या ताणाची दोरी आखूड पडली की मुलगी मारते मात्र रीफच, कारण ती पहिल्याच दिवशी शिकवलेली असते आणि कधीही ओझं लावून तपासलेली नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या कामाचा निकाल कामच देतं, ते शिकवा. आणि शक्यतो असं काम निवडा, जे दोन हातांनी होतच नाही.

उदाहरणार्थ स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन काठ्या दोराने काटकोनात घट्ट बांधणं. उभी काठी, आडवी काठी, काटकोन. दोर किती घ्यायचा? दोन्ही काठ्यांची जाडी मिळवा आणि दर 1 इंचाला 3 फूट धरा. दोन-दोन इंचांच्या काठ्या असतील तर 12 फूट. मुलींना नेहमी 6 फुटांचे तुकडे मिळतात, कारण सरावाच्या दोऱ्या तेवढ्याच कापून ठेवलेल्या असतात. मग दोन फेऱ्यांत दोर संपतो आणि सगळे म्हणतात मुलींना जमत नाही. दोर नैसर्गिक धाग्याचा असला तर उत्तम. गुळगुळीत बांबूवर नायलॉन सरकतो, ताणला की लांबतोही.

सुरुवात उभ्या काठीवर, आडवी काठी जिथे बसणार त्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिचने, म्हणजे काठीला दोर अडकवायच्या दोन वेढ्यांच्या गाठीने. वर मारली तर आडव्या काठीला खालून टेकू राहत नाही. उरलेलं छोटं टोक मोठ्या दोरावर पिळून घ्यायचं. मग आडवीच्या पुढून, उभीच्या मागून असे तीन पूर्ण फेरे. आडव्या काठीवर प्रत्येक नवा फेरा आधीच्याच्या बाहेरून, उभ्या काठीवर आतून. फेरे एकावर एक चढले की आवळलेलं सगळं थोड्या वेळात ढिलं पडतं. मग दोन्ही काठ्यांच्या मधून दोन आवळफेरे, म्हणजे फ्रॅपिंग, आणि शेवट आडव्या काठीवर क्लोव्ह हिच.

लॅशिंग सैल होतं ते इथेच. मुली फेरे हलक्या हाताने घालतात आणि शेवटी एकदाच जीव खाऊन ओढतात. त्या ओढण्याचा ताण पहिल्या फेऱ्यापर्यंत पोचत नाही. प्रत्येक फेऱ्याला ओढायला हवं, आणि त्यासाठी एकीने काठी काटकोनात घट्ट धरायला हवी, दुसरीने फेरा घालायला, तिसरीने मिळालेला ताण बोटांनी दाबून धरायला. झाला की नाही संघ? भाषण न देता.

तीन काठ्यांची तिवई केली तर उलटा धडा मिळतो. काठ्यांमधून दोर वर-खाली विणत पाच-सहा फेरे घ्यायचे आणि ते मुद्दाम किंचित सैल ठेवायचे, नाहीतर पाय उघडतच नाहीत. आताच घट्ट ओढायला शिकलेल्या मुली इथे अडकतात आणि त्यांच्यात भांडण लागतं. लागू द्यावं.

तंबूचंही तसंच. दोन खांबांच्या जुन्या धाटणीच्या तंबूला चारजणी लागतात: दोघी खांब धरून, दोघी खुंट्यांवर. खुंटी ठोकण्याआधी दोन्ही दारं बंद करून बांधायची. दारं उघडी ठेवून कोपरे ठोकले तर नंतर दाराच्या दोन कडा जुळतच नाहीत, आणि सगळं उपटावं लागतं. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं, साधारण 45 अंशांत. सुती दोरीचे ताण पाऊस किंवा दव पडण्याआधी थोडे सैल करायचे. ओली झाली की ती आखडते आणि खुंटी उपटते. नायलॉनची ओली झाली की लांबते, म्हणून ती सकाळी पुन्हा ताणायची. रात्री कोण उठणार, हे दिवसाच ठरवायचं.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलंत तो आता.

संघ लहान ठेवा, सहा ते आठ मुली. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी घेतलेल्या, स्काउटिंगच्या पहिल्या प्रायोगिक शिबिरातही वीसेक मुलगेच होते, तेही चार गटांत वाटलेले. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्यात मुली आपण होऊन हजर झाल्या आणि 1910 पासून त्यांचं वेगळं संघटन, गर्ल गाइड्स, उभं राहिलं. मुलींना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं, हे आपण फार पटकन विसरतो. पण ते पुन्हा कधी.

तीसजणींचं पथक एका तंबूभोवती उभं केलंत तर सहाजणी काम करतील, बाकीच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतील. होकायंत्राचंही तेच. एक यंत्र तिघींना पुरतं: एक दिशा बघणार, एक पावलं मोजणार, एक पुढे जाऊन खूण म्हणून उभी राहणार. पट्ट्याचं लोखंडी बक्कल आणि मोबाईल यंत्रापासून दूर.

जागा बदलत्या ठेवा. उंच मुलगी कायम खांब धरते आणि नीट अक्षराची कायम नोंदवही लिहिते. फिरवा. जिला येतं तिने हात लावायचा नाही, फक्त बोलायचं, असा एक सराव ठेवा. संघनायिका त्यातून तयार होते. तुम्ही स्वतः दहा पावलं मागे उभ्या राहा. पुढे यायचं ते कुऱ्हाड, आग आणि पाणी या तीन ठिकाणीच. आगीच्या वेळी पाण्याची बादली काडी ओढण्याआधी भरलेली हवी.

काम संपल्यावर दहा मिनिटं बसवा आणि दोनच प्रश्न विचारा: कुठे अडलं, आणि त्या वेळी कोण मोकळी उभी होती? दुसऱ्या प्रश्नावर सुरुवातीला कुणी बोलत नाही. उत्तर संघनायिकेने द्यायचं, तुम्ही नाही.

गुण संघाला द्या, मुलीला नाही. तिवईला भरलेली बादली टांगा, पंधरा मिनिटं टिकली की गुण. पुढचे गुण दोर न कापता सोडण्याचे, कारण चुकीची गाठ ताणाखाली अशी आवळते की मग सुरी शोधावी लागते. फळ्यावरची गाठ सोडायची वेळच येत नाही. प्रश्न घेते आता, पण दोर तिकडे खाली ठेवलेत, ते हातात घेऊन विचारा.