उत्तर आलं, पण दुसऱ्याच दाराने

मंडळी, जय ख्रिस्त. आजचा विषय तरुण संघाची परदेशातली मिशन ट्रिप आणि तिथे मिळालेली प्रार्थनेची उत्तरं. ट्रिप कशी आखायची, पैसे कसे जमवायचे हे तुम्हाला माहितीच आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती दोनतीनदा सांगणार आहे म्हणजे कानात राहील. निघण्याआधी आपली प्रार्थना कागदावर लिहून ठेवा. बोललेली प्रार्थना आपण विसरतो, आणि मग उत्तर समोर येऊन उभं राहिलं तरी ओळखू येत नाही.

प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय आठवा. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, मंडळी मरियेच्या घरी त्याच्यासाठी प्रार्थना करतेय, आणि सुटून आलेला पेत्र बाहेर दार वाजवतोय. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत जाते, आणि आतले सगळे तिलाच म्हणतात की तुला वेड लागलंय.

आणि तरुणांची प्रार्थना म्हटलं की मला 1806 चा ऑगस्ट आठवतो. अमेरिकेत विल्यम्स कॉलेजची पाच मुलं प्रार्थनेसाठी बाहेर पडली, वादळ आलं म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथेच आशियासाठी प्रार्थना केली. त्यातूनच 1810 मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं, आणि फेब्रुवारी 1813 मध्ये त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, कंपनी सरकार परत पाठवायला बघत होतं तरी राहिले, आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. पण हॉल आणि नॉट त्या पाच जणांत नव्हतेच. त्या पाचांत पुढाकार घेणारा सॅम्युएल मिल्स तर आशियात कधी आलाच नाही, 1818 मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रातच वारला. उत्तर मिळालं, पण दुसऱ्याच दाराने.

जाताजाता एक बोलते, कारण मला राहवत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर खोटं लिहू नका. बऱ्याच देशांत टुरिस्ट व्हिसावर धर्माचं काम चालत नाही, आणि पकडले गेलो तर आपण विमानात बसून घरी येतो, त्रास तिथल्या मंडळीला होतो. बायबलमधल्या नहेम्याने राजासमोर उभं राहून मनात प्रार्थना केली आणि लगेच नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रंही मागून घेतली. प्रार्थना आणि कागदपत्रं, दोन्ही. आणि तिथल्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ती मुलं कुणाची तरी लेकरं आहेत.

बरं, आता माझी गोष्ट. देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही. आम्ही अकरा जण होतो, मी सगळ्यांत मोठी, सगळी मला ताई म्हणायची. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाने एकेक चिठ्ठी लिहिली, घडी घालून माझ्याकडे दिली, मी ती पाकिटात ठेवली. तिथे पोचलो तर आमची मोठी बॅग आलीच नाही. बाहुल्या, चित्रांचे तक्ते, छोटा स्पीकर, सगळा कार्यक्रम त्या बॅगेत. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही त्या बॅगेसाठी प्रार्थना केली, मोठमोठ्याने केली, आणि बॅग काही आली नाही.

चौथ्या दिवशी आम्हाला बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात जायचं होतं. आमच्यासोबत दुभाषी होता, पण तो तोंडी भाषेचा. खुणांची भाषा येणाऱ्या एकच बाई होत्या आणि त्यांना एका आजारी मुलाला घेऊन अचानक दवाखान्यात जावं लागलं. समोर तीसेक मुलं, आमच्याकडे गिटार आणि पाठ केलेली गाणी. मुलं आमच्या तोंडाकडे बघतायत आणि आम्ही गातोय. माझ्या पोटात गोळा आला.

तेवढ्यात आमच्यातली सगळ्यांत अबोल मुलगी उठली, भिंतीपाशी गेली आणि दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद केलं. सगळी मुलं एकदम तिच्याकडे वळली. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे, त्यांच्या घरी हाक अशीच मारतात, आणि हे आमच्यातल्या कुणालाच माहिती नव्हतं. ती जमिनीवर मांडी घालून बसली. देशादेशांतली खुणांची भाषा वेगळी असते, त्यामुळे तिला येणाऱ्या कितीतरी खुणा तिथे चालेनात, मग तिने बोटाने पाण्याचा ग्लास दाखवला, मुलांनी त्यांची खूण करून दाखवली, तिने ती चुकवली, मुलांनी तिचा अंगठा धरून नीट वळवला. अशा एकेक खुणा शिकत चार तास गेले. बाहुल्या असत्या नं, तर तासाभरात कार्यक्रम आटोपून आम्ही निघालो असतो. निघताना मुलांनी तिला नाव दिलं, बहिऱ्या लोकांत असं खुणेचं नाव देतात, तिचं नाव म्हणजे वेणी ओढल्यासारखी एक खूण, आणि मग तीसही मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्या टाळ्या तशाच असतात.

रात्री मी पाकीट उघडून ज्याची त्याची चिठ्ठी परत दिली. तिने आपली वाचली आणि न बोलता माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं, प्रभू, मला सगळ्यांपुढे उभं राहून बोलायला लागू नये. बॅगेसाठी आम्ही चार दिवस प्रार्थना करत होतो, आणि ही एका ओळीची प्रार्थना माझ्याच पाकिटात पडून होती. म्हणून म्हणते, लिहून ठेवा.

बॅग परतीच्या दिवशी विमानतळावर सापडली. आम्हाला सोडायला आलेल्या पाळकसाहेबांकडे तशीच दिली, वसतिगृहात पोचवा म्हटलं. विमानात ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने छोटे छोटे हात काढत होती, पाणी, आई, भाऊ, उद्या, विसरू नये म्हणून, आणि जागा संपली तेव्हा माझ्याकडे दुसरा कागद मागितला.

पुढच्या रविवारी याच वेळी भेटू. जय ख्रिस्त.