चांपो!

[काळा पडदा. केस खसाखसा चोळल्याचा आवाज.]

टपरीवर दोरीला लटकणारी पुडी. दातांनी कोपरा तोडायचा, डोक्यावर रिकामी करायची. शॅम्पू.

आपल्या लेखी ही एक वस्तू. पण इंग्रजीत हा शब्द शिरला तो क्रियापद म्हणून, आणि तेव्हा त्याचा केसांशी काडीचा संबंध नव्हता. १७६२ सालच्या इंग्रजी लिखाणात तो सापडतो. अर्थ : अंग चेपणं, रगडणं.

मूळ हिंदी क्रियापद 'चाँपना', म्हणजे दाबणं. त्याची आज्ञा 'चांपो'. इंग्रजांनी उचलली ती नेमकी आज्ञाच. 'पकडाओ'चं त्यांनी 'पकराव' केलं, 'लगाओ'चं 'लगाव', आणि ही रूपं सरळ इंग्रजी क्रियापदं म्हणून वापरली. साहेब नोकराशी बोलायचा तो हुकमातच. दुसरं रूप त्याच्या तोंडी बसणार कुठून? आपलं 'चेपा' त्यांच्या कानावर पडलं असतं, तर आज बाटलीवर 'शेपा' लिहिलेलं असतं.

उच्चारात इंग्रज जोर देतो तो शेवटावर : शॅम्-पूऽ. हुकमातला तो लांबवलेला शेवट अजून तिथे आहे, असं मला आपलं वाटतं.

[ब्रायटनचा समुद्रकिनारा. वारा.]

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे ब्रायटन. शेख दीन महंमद इथे आला १८१४च्या सुमारास. जन्म पाटण्याचा, १७५९चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत वाढला, साहेबाबरोबर आयर्लंडला गेला, तिथल्याच जेन डेलीशी लग्न केलं. १७९४मध्ये त्याने इंग्रजीत आपलं प्रवासवर्णन छापलं. १८१०मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं आणि हुक्क्याचं 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढलं. दोन वर्षांत दिवाळं वाजलं.

मग ब्रायटन. इथे त्याने वाफेचं न्हाणीघर काढलं. गिऱ्हाईक फ्लॅनेलच्या तंबूत बसायचं, आत औषधी वनस्पतींची वाफ. तंबूला बाह्या शिवलेल्या. त्यांत बाहेरून हात घालून माणूस अंग रगडायचा. गिऱ्हाइकाला दिसायचे फक्त दोन हात. संधिवाताने आखडलेले लोक कुबड्या टेकत यायचे. बरे झालेल्यांच्या कुबड्या महंमद न्हाणीघराच्या भिंतीवर टांगून ठेवायचा. जाहिरात कशी करावी, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं!

१८२२मध्ये त्याने पुस्तक काढलं, त्याचं नावच 'शॅम्पूइंग'. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. नोकराला फर्मावलेला शब्द, आता राजाच्या पदरचा हुद्दा.

१८५१मध्ये तो ब्रायटनलाच वारला. पुढे दहा-पंधरा वर्षांत शब्द अंगावरून डोक्यावर चढला : आधी टाळू चोळणं, मग केस धुणं, मग ज्याने धुवायचे ते. बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफने १९०३मध्ये पाण्यात विरघळणारी पावडर विकायला काढली, तोवर शॅम्पू पक्का केसांचा झाला होता.

[सलून. आरशात न्हावी आणि गिऱ्हाईक.]

आणि मग तो परत आला, बाटलीत बसून, नाम होऊन. क्रियापद असल्याचं आपण पार विसरलो. म्हणून त्याला आता 'करणं' जोडावं लागतं :

"दादा, शॅम्पू करू का?"

"नको. नुसती चंपी कर."