नाग नदी: पाणी किती, घाण किती

(दृश्य: उन्हाळ्याची सकाळ. नाग नदीवरचा पूल, दोरीला बांधलेली बादली खाली सोडली जातेय.)

नागपूरला जिच्यावरून नाव मिळालं, ती ही नाग. वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांत उगम, मग अंबाझरी तलाव, मग अख्खं शहर. पूर्वेला पिवळी नदी तिला मिळते आणि पुढे कन्हानमार्गे हे पाणी वैनगंगेत जातं. पुलावर उपकरणं मांडली की जाणारा-येणारा विचारतोच, "काहून मोजता जी? नालाच तं होय हा!"

मे महिन्यात त्याचं फारसं चूकही नाही. तेव्हा इथे वाहतं ते बहुतेक सांडपाणीच.

(दृश्य: काचेची बाटली. तळाशी बसणारा साका.)

नमुन्याच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण घालतात. साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. मासा तिथे जगणार कसा? बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, त्याचं माप. त्याची बाटली मात्र 20 अंशांवर, अंधारात, पाच दिवस ठेवावी लागते. आंघोळीच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे.

पण नुसत्या बीओडीवर विसंबलात तर फसाल. पावसाळ्यात तो आकडा उतरतो आणि नदी सुधारली असं वाटतं. घाण तेवढीच असते, वर पावसाचं पाणी मिसळलेलं असतं. म्हणून प्रवाहही मोजायचा.

(दृश्य: प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या करंट मीटरचे फिरणारे पेले.)

पात्राच्या उभ्या पट्ट्या कल्पून प्रत्येकीची खोली घेतात. पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर मीटर धरलं की त्या पट्टीचा सरासरी वेग मिळतो. वेग गुणिले क्षेत्रफळ, सगळ्या पट्ट्यांची बेरीज, हा झाला विसर्ग. समजा, दिवसाला 10 कोटी लिटर पाणी वाहतंय आणि बीओडी 30 आहे. म्हणजे रोज 3 टन भार खाली वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या दिशेने निघाला. गोसीखुर्दच्या काठावरच्या मासेमाराला हा टनांचा हिशेब लागतो, मिलिग्रॅमचा नव्हे.

वेळही पाहावी लागते. घरोघरी आंघोळी, धुणीभांडी उरकली की प्रवाह चढतो. पहाटेचा नमुना आणि दहाचा नमुना सारखा नसतो. दिवसभर थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला नमुनाच मला खरा वाटतो.

(दृश्य: पुराचं पाणी, पुलाखालचा रडार सेन्सर.)

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नागचं पाणी वस्त्यांत शिरलं. अशा वेळी पात्रात मीटर घेऊन कोण उतरणार? पुलाखालचा रडार पाण्याची पातळी सांगतो आणि पातळीवरून विसर्ग तक्त्यातून काढतात. पण उन्हाळ्यात महापालिका पात्रातला गाळ उपसते. तळ बदलला की जुना तक्ता बाद. पहिला पाऊस पडायच्या आत पात्राचा काटछेद, म्हणजे आडवा आकार, नव्याने मोजावा लागतो.