साठीतल्या रनरची पोटरी: नुसती ताणून भागत नाही

(कॅमेरा जमिनीलगत. पलंगावरून खाली टेकणारी पावलं.)

पहाटे साडेचारला गजर होतो, पाय खाली टेकतात आणि पहिली दहा पावलं लाकडाच्या पायांनी टाकल्यासारखी पडतात. टाच टेकवत नाही, भिंत धरत बाथरूम गाठायचं. पन्नाशी-साठीत लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांना ही पावलं चांगली ओळखीची आहेत. नमस्कार मंडळी. मी बासष्ट वर्षांची आहे, चौदा वर्षं धावतेय. आज फक्त गुडघ्याखालच्या पायाबद्दल बोलूया.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावले. यवतेश्वरचा घाट चढले, मजेत उतरले. लगेच गाडीत बसून पुण्याला निघालो. अडीच तासांनी गाडीतून उतरायला गेले तर पोटऱ्यांचे दगड झालेले. मुलाने हाताला धरून जिना चढवला. उतारावर स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतो, त्याचं दुखणं एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त जाणवतं. तेवढं चालायचंच. पण माझा ताठरपणा तीन आठवडे हलला नाही. मी रोज भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणत होते. घटकाभर मोकळं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच.

मग फिजिओथेरपिस्टनी मला एक गोष्ट करायला लावली. आत्ता माझ्याबरोबर करा. भिंतीला दोन बोटं टेकवा. एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ ठेवा आणि चवड्यावर उठा. पूर्ण वर. सावकाश खाली. मोजत राहा. माझे उजव्या पायावर १९ झाले. डाव्यावर ११, त्यातही अकरावा अर्धाच. आणि आखडायचा तो डावाच!

तेव्हा कळलं की माझी पोटरी कमी ताणलेली नव्हती, कमी ताकदीची होती. पोटरीत आत, खालच्या थरात सोलियस नावाचा स्नायू असतो. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. वय वाढतं तशी घोट्याची ढकलण्याची ताकद कमी होते, पाऊल आखूड पडतं. आपण मात्र किलोमीटर तेवढेच ठेवतो.

(कॅमेरा पायरीवर.)

ही आमच्या जिन्याची पायरी. चवडा कडेवर, टाच बाहेर हवेत. कठडा धरा. दोन्ही पायांनी वर या, मग एक पाय उचला आणि दुसऱ्या पायाची टाच खाली सोडा. एक... दोन... तीन... पायरीच्या खालपर्यंत. माझ्या टाचेमागचा पट्टा बघा, कसा दोरीसारखा उठून दिसतोय. हे अकिलीस टेंडन, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारं. पुन्हा वर येताना दोन्ही पाय वापरा. असे १५ वेळा, तीन फेऱ्या. मग गुडघा थोडा वाकवून पुन्हा तेवढेच, म्हणजे सोलियसला काम मिळतं. स्वीडनचे सर्जन हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली अकिलीस दुखणाऱ्या १५ हौशी धावपटूंकडून हाच व्यायाम दिवसातून दोनदा, १२ आठवडे करून घेतला होता, आणि ते सगळे पुन्हा धावायला लागले. आपल्या वयात मी म्हणेन, सुरुवात दोन्ही पायांनी, सपाट जमिनीवर, एक दिवसाआड करा. पण १२ आठवडे सोडू नका. टेंडन फार सावकाश बदलतं. टाचेच्या हाडालाच दुखत असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नका.

आता घोटा. भिंतीपासून अंगठा साधारण १० सेंटीमीटर लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागत नसेल तर घोटा आखडलाय. माझी आई सत्तरीतही उकिडवी बसून भाजी निवडायची, टाचा टेकलेल्या असायच्या. आपण डायनिंग टेबलवर आलो आणि घोट्याचं ते रोजचं वाकणं गेलं. गुडघे साथ देत असतील तर दाराची चौकट धरून मिनिटभर उकिडवं बसा. मला याचा फार फायदा झाला.

बाकीचं थोडक्यात. पहिली १० मिनिटं चाला, मग धावा. शर्यत झाल्यावर गाडीत बसलात तर तासाभराने उतरून पाय मोकळे करा. घाटाचा सराव हळूहळू वाढवा. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी कमी पडू देऊ नका.

आणि आता एक गोष्ट जरा नीट ऐका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक्स आपल्याकडे सर्रास दिली जातात. त्यांनी टेंडनला इजा होऊ शकते, आणि साठीनंतर हा धोका जास्त असतो. डॉक्टरांना आधीच सांगा, "मी धावते." गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखलं तर धावणं थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर तो ताठरपणा समजून तेल चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, लगेच दवाखाना गाठा. थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर रक्तपुरवठा तपासून घ्या. मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदनाही.

माझा डावा पाय आता १७ वर आलाय. तुमचे दोन्ही पायांचे आकडे खाली लिहा, वयासकट. दोन्हींत मोठा फरक असेल तर पायरीवर सुरुवात त्या कमी आकड्याच्या पायाने करा.