झाकणाला चिकटलेला पापुद्रा

श्रोतेहो, नमस्कार.

तोंड आलं की आपण आरशासमोर उभे राहतो, ओठ खाली ओढतो, जीभ वाकडी करून बघतो आणि चार-आठ दिवस वाट पाहतो. बहुतेकदा तेवढं पुरतं. आज बोलायचंय ते जेव्हा पुरत नाही तेव्हाचं. महिना उलटतो, दोन उलटतात, एक जागा भरेपर्यंत दुसरी सोलवटते. यातल्या काहींच्या तोंडात खरं तर फोड येत असतात, पण फोड कुणी पाहिलेलाच नसतो. तोंडाचं अस्तर सतत ओलं, त्यावर दात घासतात, जीभ फिरते. फोड उठतो आणि बघता बघता फुटतो. मागे उरते ती लाल, झोंबणारी जखम, आणि माणूस सांगतो ते त्या जखमेबद्दल.

मी तोंडाच्या आजारांची पॅथॉलॉजिस्ट. माणूस माझ्यासमोर क्वचितच बसतो, माझ्याकडे येतो तो त्याच्या तोंडातला करंगळीच्या नखाहून लहान तुकडा, बाटलीत. आणि बाटलीबरोबरच्या कागदावर काय असतं? वय, आणि 'अल्सर' हा एक शब्द. किती दिवस झाले, अंगावर फोड आहेत का, डोळे लाल होतात का, काही नाही. पाकिटावर पत्ता न घालता ते पेटीत टाकावं तसं. हे मी वीस वर्षं सांगतेय. असो.

अस्तर म्हणजे एकावर एक रचलेले पेशींचे थर. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात त्या जोडांना डेस्मोसोम म्हणतात. आपण त्यांना टिचबटणं म्हणू. सगळ्यात तळाची रांग मात्र खालच्या पातळ पडद्याला चिकटलेली असते आणि तो जोड वेगळ्या जातीचा. पेम्फिगस व्हल्गॅरिस नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती टिचबटणांतल्या एका प्रथिनावर उलटते, डेस्मोग्लीन ३ त्याचं नाव. बटणं सुटतात. पण तळाचा जोड सुटत नाही. पुन्हा सांगते, कारण गोष्टीत हेच लागणार आहे: वरचं सुटतं, तळाची रांग जागेवर राहते.

तर गोष्ट. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, सहा महिने तोंड सोललेलं. एकदा बायोप्सी झालेली, तुकडा जखमेच्या अगदी मधोमध घेतलेला. मधोमध असतं काय? अस्तर तर आधीच गेलेलं. त्यामुळे रिपोर्ट आला होता 'साधा व्रण, निश्चित निदान नाही'. आता दुसऱ्यांदा तुकडा आला. मी तो मोजला, लिहिलं, पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली तर वरचा थरच नाही! खालचा तंतूंचा भाग, रक्तवाहिन्या, सुजेच्या पेशी, बस्स. मी रिपोर्ट लिहिला: 'अस्तर आढळत नाही, नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा.' सही तेवढी राहिली होती.

आमच्याकडे स्लाइड कापणारे एक मामा होते. मेणात बसवलेल्या तुकड्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. मामांच्या हातून ती मेणाची फीत अशी उतरायची की बघत राहावं. (रिपोर्टवर डॉक्टरचं नाव ठळक छापतात, कापणाऱ्याचं कुठेच नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.) तर मामा बाटलीचं झाकण हातात उलटं धरून आले.

"मॅडम, हे काय आहे?"

झाकणाच्या आत, कडेला, भिजलेल्या कागदाच्या कपट्याएवढा पांढुरका पापुद्रा.

मी म्हणाले, "रक्ताची गुठळी असेल. टाका."

मामा म्हणाले, "टाकायचं तर उद्याही टाकता येईल." आणि झाकण घेऊन गेले.

त्यांनी तो पापुद्रा हरवू नये म्हणून इओसिन या रंगाचा थेंब टाकून गुलाबी केला, फिल्टर पेपरच्या घडीत गुंडाळला आणि नंतर मेणात आडवा न ठेवता कडेवर उभा बसवला. उभा, म्हणजे कापताना सगळे थर दिसावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइड माझ्या टेबलावर.

ते अस्तर होतं. अख्खं. आणि त्याच्या खालच्या बाजूला पेशी एकमेकींपासून सुटून गोल झालेल्या, निळं केंद्रक फुगलेलं, भोवती गुलाबी कडा. गर्दीत हात सुटलेली माणसं जशी एकेकटी उभी राहतात तशा. मी घाईघाईने पहिली स्लाइड परत लावली आणि या वेळी भिंग वाढवलं. 'अस्तर आढळत नाही' असं मी जिथे लिहिलं होतं, तिथे तंतूंच्या वरच्या काठावर पेशींची एकच रांग उभी होती. बाजूंनी एकमेकींपासून सुटलेल्या, तळाला पाय घट्ट. पाठ्यपुस्तकात तिला थडग्यांची रांग म्हणतात. परीक्षेत मी तिची आकृती काढली होती, गुणही मिळाले होते.

तुकडा घेताना अस्तर सरकलं ते नमुना वाईट होता म्हणून नव्हे, आजारामुळेच. निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर बोटाने रेटलं तरी वरचा थर सरकतो, याला निकोल्स्की या रशियन डॉक्टरांचं नाव आहे.

मी तो रिपोर्ट फाडला. गृहस्थांना तिसरा तुकडा द्यावाच लागला, पण तो पक्कं करण्यासाठी, आणि या वेळी मी फोन करून सांगितलं: जखमेतला नको, जखमेलगतच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातला. काठावरचा, श्रोतेहो, काठावरचा. त्यावर चमकणारा रंग लावून अंधारात पाहिलं तर पेशींच्या मधल्या रेषा हिरव्या पेटलेल्या, कोळ्याचं जाळं पसरावं तशा. बटणांवर बसलेली प्रतिपिंडं ती, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं. रक्तात ती असतात हे १९६४मध्ये बॉयट्नर आणि जॉर्डन यांनी दाखवलं. स्टेरॉइड्स येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रोगी दगावत. त्या गृहस्थांना औषध लागू पडलं.

काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं. पेम्फिगॉइड या दुसऱ्या, मिळत्याजुळत्या आजारावर चार पानं लिहून आणली होती, ती राहिली. थोडक्यात: त्यात टिचबटणं शाबूत, पण तळाचा जोड सुटतो. अस्तर अख्खं उचललं जातं आणि फोडाच्या तळाला पेशी उरतच नाहीत. तिथे रांग, इथे तळ उघडा. अंधारातही जाळं नाही, पडद्यालगत एक सरळ हिरवी रेघ. हा फरक वॉल्टर लिव्हर यांनी १९५३मध्ये स्पष्ट मांडला, त्याआधी दोन्ही आजार एकाच नावाखाली जात. तोंडातल्या पेम्फिगॉइडमध्ये डोळ्यांतही जखमांचे वण पडून दृष्टी जाऊ शकते, म्हणून हिरड्या सोलवटल्या असतील आणि डोळे खुपत असतील तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला सांगा.

आणि बायोप्सी ठरलीच तर विचारा, बाटल्या दोन आहेत ना? नेहमीच्या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये. चमकणाऱ्या रंगाच्या तपासणीचा सलाइनमध्ये, आणि तो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचायला हवा, किंवा मग मिशेलच्या द्रावणात, म्हणजे असा नमुना टिकवणाऱ्या खास द्रवात. त्या दुसऱ्या बाटलीत फॉर्मॅलिन नको. दुसऱ्या बाटलीत नको.

नमस्कार.