जहाज कोणत्या सालचं?

मंडळी, आज बोलायचंय ‘ट्रिंकोमाली’ या जुन्या लाकडी युद्धनौकेबद्दल. जहाजं बांधणारे लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गेले, हे वडोदऱ्यात वेगळं सांगायला नको. त्यांच्याच घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींनी मलबारी सागवानात बांधलेलं हे फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडात, हार्टलपूलच्या गोदीत तरंगतंय. विषय ठरलाय जतन आणि प्रतिकृती. पण आधी दोराचं बोलू द्या. चांगल्या चांगल्या प्रतिकृती तिथंच बिघडतात.

जुन्या आरमारी तक्त्यांत ‘९ इंची दोर’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा घेराचा, जाडीचा नव्हे! घेराला ३.१४ नं भागा, जाडी येते जेमतेम २.९ इंच. १:४८ प्रमाणात, म्हणजे फुटाला पाव इंच धरून, तो दोर दीड मिलिमीटरचा होतो. नऊ इंच जाडीच धरलीत तर पावणेपाच मिलिमीटरचा. मग डोलकाठ्यांना विहिरीचे सोल बांधल्यासारखं दिसतं आणि काचेच्या पेटीतलं अख्खं जहाज खोटं वाटतं. रंगाचंही तसंच. डोलकाठी जागेवर धरणारे ताण डांबरलेले, म्हणून काळपट. कप्प्यांतून फिरणारे दोर तागाच्या रंगाचे. सगळेच पांढरे किंवा सगळेच काळे करू नका. सुती दोऱ्याला लव सुटते. शिवाय हवेतल्या ओलीनं तो कधी आवळतो, कधी सैलावतो, आणि वरची बारीक काठी वाकते. पॉलिस्टरचा दोरा मेणावरून ओढून घ्या.

डोलकाठ्या लेथवर कातून घ्यायचा मोह होतो, संखेड्याचे खरादी इतके जवळ असताना तर होणारच. पण लांब बारीक काठी लेथवर मधे फडफडते आणि तिथला उतार बिघडतो. आधी निमुळती चौकोनी काठी रंध्यानं करा, मग अष्टकोनी, मग सोळा बाजू, आणि शेवटी सँडपेपर. लाकूड सागाचं नको. त्याची रंध्रं या प्रमाणात भोकांसारखी दिसतात. हळदूचा, म्हणजे हेदाचा, पोत बारीक असतो.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहतायत, तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगतो. लाकडी जहाजाची टोकं निमुळती असतात. तिथं पाण्याचा आधार कमी आणि वजन जास्त, म्हणून वर्षानुवर्षं टोकं झुकतात, तळाची तुळई मधे उचलली जाते. अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या लाकडी युद्धनौकेचा हा बाक १३ इंचांहून जास्त झाला होता. १९९० च्या दशकात कोरड्या गोदीत, खालचे ठोकळे टप्प्याटप्प्यानं काढत तो उतरवला. एकदम दाबला असता तर सांधे उखडले असते. आता समजा, जुन्या जहाजाचं आजचं लेझर माप घेऊन तुम्ही १८१७ ची प्रतिकृती केलीत. त्याच्या म्हातारपणाचा बाकही तुम्ही तिच्यात कोरलात! १८१७ हवं असेल तर मूळ आराखडा घ्या. तो १७८२ मध्ये पकडलेल्या फ्रेंच ‘एबे’ या जहाजावरून बेतलेला आहे. १८४५ नंतरचं हवं असेल तर मागचा भाग बदला, तोफा कमी करा, कारण तेव्हा या जहाजात नेमकं तेच केलं. साल आधी ठरवा, फळी मग कापा.

जतनाचं काम उलट चालतं. तिथं एकही फळी हलवण्याआधी आजचा बाक आहे तसा मोजून ठेवायचा. कुजण्याची भीती समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा डेकवरून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याची जास्त. सागातलं तेल लोखंडी खिळ्यांना सांभाळतं. ओकमधलं आम्ल त्यांना खातं.

आणि प्रतिकृतीची पेटी एमडीएफची नको, ओकची तर नकोच. बंद पेटीत त्यांतून आम्लाची वाफ सुटते आणि शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते. तोफा पितळेच्या करा, आणि पेटीच्या तळाला हवेसाठी जाळी लावलेली भोकं ठेवा.